आमची वाटचाल : खूण दहावर, क्रँक भलतीकडे

पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ (दोन सीटची, दुमडत्या छताची स्पोर्ट्स कार) आमच्याकडे कुठल्याही कामासाठी आली तरी आधी क्रँकपुलीचा (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या पुढच्या टोकावरच्या पुलीचा) मधला जाड भाग, म्हणजे बॉस, बघितला जातो. त्यावर खाचा चार की आठ? आठ असतील तर निर्धास्त कामाला लागायचं. चार असतील तर तो १.६ लिटर इंजिनाच्या सुरुवातीच्या गाड्यांमधला आखूड नाकाचा क्रँक (नाक म्हणजे पुली बसते ते टोक), आणि मग पुलीचा बोल्ट तपासल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लागत नाही. या चार खाचांनी आमची फर्म बंद पडायच्या बेताला आणली होती. म्हणून वाटचाल सांगायची तर तिथूनच.

फर्म नवीन होती. दोघे भागीदार, एक लिफ्ट, एक जुना लेथ. काम सस्पेन्शन, ब्रेक आणि ट्यूनिंगचं. टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, फिरवणारा पट्टा) आम्ही बदलत नव्हतो. १.६ ला बेस टायमिंग (पिस्टन वर पोहोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) दहा अंशांवरून चौदावर नेलं की अ‍ॅक्सिलरेटरला गाडी लगेच उत्तर देते, हे या गाड्या चालवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. इंजिन पूर्ण गरम, सगळे लोड बंद, डायग्नोस्टिक बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी जोडायचे, आयडल ८५० च्या आसपास, मग कॅम अँगल सेन्सर फिरवायचा. दहा मिनिटांचं काम.

अशी एक गाडी काही आठवड्यांनी परत आली. दम नाही, वर चढताना घुसमटते. ठिणगीच्या क्षणी चमकून पुलीवरची खूण दाखवणारी टायमिंग लाइट लावली तर खूण जिथल्या तिथे. इंधनाचा दाब, एअरफ्लो मीटरची फ्लॅप, प्लग, कॉइल सगळं तपासलं, काही सापडलं नाही. मग दुसरी आली, मग तिसरी. तिन्ही गाड्यांचे बेल्ट एकाच दुसऱ्या वर्कशॉपमध्ये बदललेले होते. त्या वर्कशॉपने सगळीकडे सांगायला सुरुवात केली, की आम्ही टायमिंग पुढे ढकलून इंजिनं मारतो. ठरलेली कामं रद्द व्हायला लागली. लिफ्ट रिकामी राहायला लागली.

कोडं सोडवलं ते भागीदाराने. तो मूळचा लेथवरचा माणूस, खुणेपेक्षा मापावर विश्वास ठेवणारा. म्हणाला, "अरे, खूण पुलीवर आहे. पुलीच सरकली असेल तर लाइट काय सांगणार? पिस्टनला विचार."

ते कसं विचारायचं, तेही सांगतो. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून लांब दांडीचा डायल गेज पिस्टनवर टेकवायचा. क्रँक फिरवायला पुलीच्या बोल्टला पाना लावायचा नाही, कारण संशय त्याच्यावरच आहे. बाकीचे प्लग काढून गाडी पाचव्या गिअरला टाकायची आणि मागची दोन्ही चाकं मिळून फिरवायची. अगदी वर पिस्टन काही अंश हलतच नाही, त्यामुळे काटा थांबला तो टॉप डेड सेंटर (पिस्टनची सर्वात वरची जागा) असं धरलं की चूक होते. काटा टॉपच्या आधी एक मिलिमीटर खाली असताना पुलीवर एक रेघ मारायची, टॉप ओलांडून तेवढाच खाली आला की दुसरी. दोन रेघांच्या बरोबर मधे खरा टॉप. पहिल्या गाडीत पुलीची खूण त्यापासून सात-आठ अंश दूर निघाली. लाइट दहा दाखवत होती, ठिणगी मात्र उशिरा पडत होती, आणि पुलीबरोबर सरकलेल्या दातेरी चाकावरच्या टायमिंग बेल्टमुळे कॅमही मागे पडलेले होते.

पुली उतरवली. चावीची (पुली आणि क्रँकच्या खाचेत बसणाऱ्या धातूच्या छोट्या तुकड्याची) एक कड चावून काढल्यासारखी झिजलेली, क्रँकच्या नाकावरची खाच एका बाजूला पसरलेली. भार चावीने घ्यायचाच नसतो. चावी फक्त जागा दाखवते. भार घेतो तो बोल्टने आवळलेला दोन पृष्ठभागांमधला पकडीचा जोर. बोल्ट सैल राहिला की क्रँकचा प्रत्येक झटका चावीवर हातोड्यासारखा बसतो. आखूड नाकावर चावीची लांबी कमी, म्हणून ती आधी हार मानते. बेल्ट बदलताना हा बोल्ट काढून परत आवळावा लागतो. म्हणजे बिघाड बेल्ट बदलतानाचा होता आणि नाव आमचं गेलं.

झीज थोडी असेल तर क्रँक वाचतो. नाक आणि बॉस तेलाचा अंशही राहणार नाही इतकं स्वच्छ करा. नवी चावी, नवा बोल्ट. पसरलेली खाच लॉकटाइट ६६० ने (धातूतली फट भरणाऱ्या गोंदाने) भरून घ्या आणि गाडी २४ तास सुरू करू नका. टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळायचा जोर, १०८ ते ११८ न्यूटन-मीटर. लांब नाकाचा (आठ खाचांचा) आकडा १५७ ते १६७ आहे. तो वाचून आखूड नाकाचा बोल्ट आवळू नका. खाच जास्तच खाल्ली असेल तर चिकटवाचिकटवी न करता क्रँक बदला. आणि आयडलला पुली डगमगताना दिसली तर बाहेरच्या कड्याकडे बघून घाबरू नका, ते रबर सुटल्यानेही डगमगतं. मधला बोल्ट बघा. तो गोल गोल हलत असेल तर इंजिन तिथेच बंद करा.

त्या दिवसांत एक लाल गाडीवाले गृहस्थ मात्र येत राहिले. त्यांच्याकडे एक वही असायची. कुठला बोल्ट, किती टॉर्क, कुणी आवळला, तारीख. आमच्यासमोर उभं राहून लिहायचे. सुरुवातीला ते आम्हाला अविश्वासासारखं वाटायचं. पण तिन्ही गाड्यांचा हिशोब मांडायची वेळ आली, तेव्हा बेल्टचं काम कुणाचं हे सांगणारा कागद एकाकडेही नव्हता. तेव्हापासून प्रत्येक गाडीचं कार्ड आमच्याकडे लिहिलं जातं, त्या वहीच्याच रकान्यांत. टॉर्क रेंचही ठरल्या वेळी तपासून घेतो. वापर झाला की त्याची स्प्रिंग सर्वात खालच्या आकड्यावर सोडून ठेवतो. ताणलेला ठेवला की माप बदलत जातं.

नंतरची वर्षं बरी गेली.

काम करतो त्याच क्रमाने तुम्हीही करा, न विचारता सांगतो. पॉवर सगळ्यात शेवटी. आधी गंज: छताचं पाणी सीटमागच्या निचरा-नळ्यांतून मागच्या चाकांपुढे खाली जातं, नळी तुंबली की सिल (दाराखालचा पोकळ पत्रा) आतून कुजतो. मग ब्रेक. पेडल खोल जातं म्हणून मोठे कॅलिपर शोधायच्या आधी मागचं अ‍ॅडजस्टमेंट करा. कॅलिपरच्या मागचा १४ मिमीचा बोल्ट काढला की आत ४ मिमीच्या अ‍ॅलन कीचा स्क्रू असतो. पॅड डिस्कला टेकेपर्यंत आवळा, मग एक तृतीयांश फेरा मागे. तरीही मोठ्या डिस्क हव्या असतील तर १.८ च्या २५५ आणि २५१ मिमीच्या डिस्क कंसांसकट १.६ वर बसतात, पण चारही चाकांना बसवा. फक्त पुढच्या बदलल्या की मागचे ब्रेक नावापुरते उरतात.

सस्पेन्शनमध्ये सगळ्यात जास्त बिघडतात ते बुश (आर्मच्या सांध्यातले रबर). लिफ्टवर चाकं लोंबत असताना आर्मचे बोल्ट पक्के आवळले की रबर त्याच स्थितीत जखडतं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं. गाडी उंच बसते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. बोल्ट हातघट्ट ठेवा, चाकांवर वजन येऊ द्या, मग टॉर्क. खालच्या आर्मचे आठ एक्सेंट्रिक बोल्ट (ज्यांनी चाकांचे कोन जुळवतात ते) स्लीव्हमध्ये गंजून धरलेले असतात. दोन-तीन दिवस आधीपासून तेल मारत राहा. गॅसकटरची ज्योत लावली तर बोल्टआधी रबर जळतं. स्प्रिंग कापून गाडी बसवणं आम्ही करतच नाही. ती बंपस्टॉपवर (सस्पेन्शनची हालचाल अडवणाऱ्या रबरावर) बसते, ऐन वळणात स्प्रिंग एकदम दगडासारखी कडक होते आणि मागचा भाग न सांगता सुटतो. अलाइनमेंट चालवणाऱ्याइतकं वजन सीटवर ठेवून करा; कॅम्बर (चाकाचा उभा कल) पुढे उणे सव्वा अंशाच्या आसपास, मागे थोडा जास्त, पुढचा टो (चाकांची आत-बाहेर दिशा) शून्य, मागचा किंचित आत.

टर्बो हवा असेल तर इंजिनाच्या पाण्याचा थर्मोस्टॅट मागे नेणं हे पहिलं काम. मूळ रचनेत पाणी पुढून आत जातं आणि पुढूनच बाहेर पडतं, त्यामुळे मागच्या सिलिंडरांना थंडावा कमी मिळतो.

ते दुसरं वर्कशॉप अजून सुरू आहे. त्या तीन गाड्यांबद्दल त्यांनी आजवर चुकूनही काही कबूल केलेलं नाही. त्यांच्याकडे बेल्ट बदललेली चार खाचांची गाडी आली की आम्ही मालकासमोर बोल्टवर टॉर्क रेंच लावतो आणि आकडा कार्डावर लिहितो.