डेन्मार्कच्या एरो बेटावर जाऊन लग्न, परत येऊन निवास कार्ड: जर्मनीतल्या भारतीय जोडप्यांसाठी

जर्मनीत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या दोघा भारतीयांचं लग्न ठरलं की पहिली फेरी होते श्टांडेसआम्टला, म्हणजे तिथल्या विवाह नोंदणी कार्यालयात. खिडकीवर कागदांची यादी हातात पडते आणि तिथेच गाडी अडते. यादीत एक कागद असा असतो की 'ही व्यक्ती आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे लग्नाला पात्र आहे' असं त्या देशानं लिहून द्यायचं असतं. भारतात असं पत्र देणारं कार्यालयच नाही. मग त्यातून सूट मिळावी म्हणून प्रांताच्या उच्च न्यायालयाच्या अध्यक्षांकडे अर्ज करायचा, आणि त्या अर्जासाठी भारतातल्या कागदांची पडताळणी करून घ्यायची. भारत 2005 साली अपोस्टिल करारात आला, म्हणजे एका देशानं शिक्का मारून खरा ठरवलेला कागद दुसऱ्या देशात चालावा अशा करारात, पण जर्मनीनं त्याला हरकत घेतली. त्यामुळे मुंबईहून अपोस्टिल लावून आणलेला जन्मदाखला इथे पुरत नाही. जर्मन वकिलातीनं नेमलेला माणूस गावी जाऊन नोंदी तपासतो आणि त्यात महिने जातात.

म्हणून लोक डेन्मार्कला जातात. रस्ता सरळ आहे, कायदेशीर आहे आणि दोन-तीन दिवसांत प्रवास उरकतो. मात्र सीमा ओलांडताना खिशात जर्मनीचा कोणता व्हिसा किंवा कोणतं निवास कार्ड आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. लग्न दोन्ही परिस्थितीत वैधच होतं. परतल्यावर जर्मनीत राहता येईल की भारतात जाऊन नव्यानं रांगेत उभं राहावं लागेल, हे त्या कार्डावर अवलंबून असतं.

निघण्याआधी

2019 पासून परदेशी जोडप्यांचे अर्ज डेन्मार्कमधलं एकच कार्यालय तपासतं: फामिलिरेट्सहूसेट, म्हणजे कौटुंबिक कायदा कार्यालय. आधी प्रत्येक नगरपालिका आपापलं बघायची. दिखाऊ लग्नं रोखण्यासाठी हे काम एका ठिकाणी आणलं गेलं. अर्ज ऑनलाइन आणि इंग्रजीतून करता येतो. फी क्रोनरमध्ये भरायची असते आणि ती अधूनमधून वाढते, म्हणून भरायच्या दिवशी त्यांच्याच साइटवर आकडा बघावा. हिशेबासाठी एक युरो म्हणजे साधारण साडेसात क्रोनर.

लागणारे कागद फार नाहीत, पण अर्धवट दिले की अर्ज अडकून पडतो. पासपोर्टचं प्रत्येक पान स्कॅन करायचं, कोरी पानंसुद्धा. भारतीय पासपोर्टवर आई-वडिलांची नावं आणि पत्ता शेवटच्या पानावर असतो. फक्त फोटोचं पान पाठवलं की ते पान राहतं आणि मागाहून मागितलं जातं. निवास कार्डाच्या दोन्ही बाजू आणि त्यासोबत मिळालेला हिरवा पुरवणी कागदही जोडायचा. बर्गरआम्टमधून, म्हणजे पत्ता नोंदवतो त्या नागरिक कार्यालयातून, विस्तारित नोंदणी दाखला काढून घ्यावा. त्यावर वैवाहिक स्थिती लिहिलेली असते आणि तो अविवाहित असल्याचा सोपा पुरावा ठरतो. हा दाखला हातात पडल्यावर खिडकीवरच वाचा. पत्ता नोंदवताना जन्मदाखला दाखवला नसेल तर कधीकधी तिथे 'माहीत नाही' असं छापलेलं निघतं, आणि ते दुरुस्त करून घेणं डेन्मार्कला समजावत बसण्यापेक्षा सोपं आहे.

नातं खरं असल्याचा पुरावाही मागतात. एकाच पत्त्यावर राहत असाल तर भाडेकरार पुरे. वेगळ्या शहरांत असाल तर एकत्र प्रवासाची तिकिटं, दोघांचे वेगवेगळ्या काळातले फोटो, घरच्यांसोबतचे फोटो द्यावेत. मराठीतलं चॅट पाठवून उपयोग नाही. कागद डॅनिश, इंग्रजी किंवा जर्मनमध्ये लागतात, नाहीतर भाषांतर. आपल्याकडे साखरपुड्याचे फोटो असतात, ते जरूर जोडा. दोन्ही घरं एका चौकटीत दिसतात.

कुणा एकाचा आधी घटस्फोट झालेला असेल तर मात्र वेळ हाताशी ठेवा. न्यायालयाचा हुकूमनामा, अपिलाची मुदत संपून तो अंतिम झाल्याचा पुरावा, आणि भारतातलं अपोस्टिल. डेन्मार्क ते मान्य करतं. हा निकाल मराठीत असेल तर आधी भाषांतर आणि मग पुढचं.

सगळं पूर्ण असेल तर निर्णय लवकर येतो, साधारण आठवड्याभराच्या कामकाजाच्या दिवसांत. मिळणारं लग्नाच्या परवानगीचं प्रमाणपत्र चार महिने चालतं. त्या चार महिन्यांत लग्न लागलं पाहिजे. आधी हॉटेल आणि नातेवाइकांची तिकिटं काढून मग अर्ज करणारे हमखास अडचणीत येतात. उलट क्रमानं जा: अर्ज, प्रमाणपत्र, नगरपालिकेची तारीख, त्यानंतर तिकिटं.

रस्ता

नगरपालिका आपण निवडायची. घाई असेल तर ट्योनर बरं: हॅम्बुर्गहून वेस्टरलांटच्या गाडीनं नीब्युलपर्यंत जायचं आणि तिथून छोट्या गाडीनं सीमेपलीकडे. कोपनहेगनच्या नगरभवनात इमारतीचा थाट आहे, पण तारखा लवकर भरतात. निवांतपणा हवा असेल तर एरो बेट. आमच्या मते दोन दिवस काढता येत असतील तर एरोच निवडावं.

हॅम्बुर्गहून कोपनहेगनला जाणारी गाडी आता फ्लेन्सबुर्ग, पाडबोर्ग, कोलिंग, ओडेन्स अशी जाते. ओडेन्सला उतरून स्वेनबोर्गची स्थानिक गाडी पकडायची, ती पाऊण तासात पोहोचते. स्वेनबोर्ग स्टेशनवरून बंदर चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथून एरोस्क्योबिंगची फेरी सव्वा तासाची. पायी जाणाऱ्यांना सहसा अडचण येत नाही, गाडी न्यायची असेल तर जागा आधी राखावी लागते. वादळी हवेत फेरी रद्द होऊ शकते, त्यामुळे आदल्या दिवशी बेटावर पोहोचून मुक्काम करणं हाच शहाणपणा. लग्नाच्या सकाळची फेरी धरू नका.

सीमेवर पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही मूळ प्रती हातात ठेवा, बॅगेत तळाशी नको. डेन्मार्क 2016 पासून या सीमेवर तपासणी करतं आणि जर्मनीनंही सप्टेंबर 2024 पासून सगळ्या जमिनी सीमांवर ती सुरू केली. पोलीस डब्यात चढतात. नेसायची पैठणी आणि शालू सामानात असू द्या, कागद खांद्याच्या पिशवीत.

एरोस्क्योबिंग म्हणजे दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या, बुटकी रंगीत घरं आणि दारांशी उंच वाढलेली फुलझाडं. बेटावरच्या बसला तिकीट नाही. हिवाळ्यात खानावळी बऱ्याचशा बंद असतात आणि शाकाहारी माणसानं दुकान उघडं असेल तेव्हाच काहीतरी घेऊन ठेवलेलं बरं.

लग्नाचा दिवस

अधिकारी आधी मूळ कागद बघतात, बऱ्याचदा आदल्या दिवशीच. समारंभ दहा-पंधरा मिनिटांचा, इंग्रजीत. दोन साक्षीदार लागतात. आपले नसतील तर कार्यालयातले कर्मचारी उभे राहतात, पण हे तारीख घेतानाच सांगावं लागतं. अंगठ्या सक्तीच्या नाहीत. मंगळसूत्र, हार, मुंडावळ्या आणल्या तर कुणी अडवत नाही. अधिकारी मजकूर वाचतात, दोघांना एकेक प्रश्न विचारतात, दोघांनी 'हो' म्हणायचं, आणि लग्न लागलं.

यानंतरची दोन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. विवाहाचं प्रमाणपत्र हातात येतं. ते पाच भाषांत असतं, त्यामुळे जर्मनीत भाषांतर लागत नाही. फोटोसाठी बाहेर पळण्याआधी ते पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडून बघा. मराठी नावांत मधलं नाव वडिलांचं असतं आणि पासपोर्टवर ते कधी पहिल्या नावाच्या रकान्यात असतं, कधी नसतंच. जन्मगाव जसं छापलंय तसंच उतरलंय का, तारखेत दिवस आणि महिना उलटे झाले नाहीत ना, हेही बघा. चूक तिथल्या टेबलावर पाच मिनिटांत सुटते. घरी गेल्यावर तीच चूक पत्रव्यवहारात अडकते. जास्तीच्या प्रती तेव्हाच मागून घ्या.

भारतासाठी अपोस्टिल लागतं. ते डॅनिश परराष्ट्र मंत्रालय ऑनलाइन अर्जावर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देतं. छापलेल्या कागदावर डिजिटल सही तपासता येत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा आणि पुढे पाठवताना तीच पाठवा. जर्मनीसाठी युरोपीय संघाच्या 2019 पासून लागू झालेल्या नियमानं अपोस्टिल लागत नाही. तरी एखादा कर्मचारी मागतो, तेव्हा काढलेलं उपयोगी पडतं.

परतल्यावर: कार्ड

जर्मनीतलं निवास कार्ड किंवा राष्ट्रीय डी व्हिसा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा व्हिसा, दोघांकडेही असेल तर देशात राहूनच मुक्कामाचा हेतू बदलता येतो. अर्ज परदेशी नागरिक कार्यालयात करायचा, निवास कायद्याच्या कलम 30 खाली (जोडीदाराच्या आधारावरचं कार्ड), आणि हेतू बदलण्याची फी 98 युरो. जुनं कार्ड संपण्याआधी अर्ज पोहोचला पाहिजे. तो पोहोचला की निकाल लागेपर्यंत जुने हक्क चालू राहतात आणि तसं तात्पुरतं पत्र मिळतं, ज्याला सगळे फिक्त्सिऑन म्हणतात. अपॉइंटमेंट महिन्यांनंतरची मिळाली तरी घाबरू नका. ऑनलाइन अर्जाची पोच आणि तारीख जपून ठेवा. डेन्मार्कचा प्रवास मात्र फिक्त्सिऑनवर करू नका, प्लास्टिकचं कार्ड वैध असतानाच करा.

ज्याच्या आधारावर कार्ड मिळणार त्याचे पगारपत्रक, विमा आणि भाडेकरार लागतो. घरासाठी सहसा माणशी 12 चौरस मीटरचा हिशेब धरतात, म्हणजे वसतिगृहातल्या एका खोलीवर दोघांचा अर्ज टिकत नाही. जोडीदाराकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारं निवास कार्ड) असेल तर जर्मनच्या ए1, म्हणजे पहिल्या पायरीच्या, परीक्षेतून सूट आहे. कलम 30 च्या कार्डावर नोकरीला मोकळीक असते, आणि विद्यार्थ्याला कामाच्या दिवसांची मोजदाद करावी लागत नाही, हे त्याचं मोठं आकर्षण.

तरीही प्रत्येकानं बदलावंच असं नाही. लग्न झालं म्हणून विद्यार्थी कार्ड रद्द होत नाही. कलम 30 चं कार्ड संसारावर उभं असतं, आणि स्वतंत्र हक्क मिळण्यासाठी साधारणपणे जर्मनीत तीन वर्षं एकत्र राहणं लागतं. त्याआधी वेगळं व्हावं लागलं तर मुक्कामच धोक्यात येतो. शिक्षण चालू असेल आणि पैशांची अडचण नसेल तर स्वतःच्या नावावरचं कार्ड ठेवा, पदवीनंतर नोकरीचं कार्ड घ्या. विशेषतः मुलींना आम्ही हे आवर्जून सांगतो. सासरचे, माहेरचे, ओळखीतले सगळे 'डिपेंडंट करून टाक, सोपं पडतं' म्हणतात, पण कार्ड कुणाच्या आधारावर आहे हे त्यांना रोज जगावं लागत नाही.

पर्यटक व्हिसावर आलेल्यांसाठी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. जोडीदार भारतातून नव्वद दिवसांच्या शेंगेन व्हिसावर येतो, दोघं डेन्मार्कला जाऊन लग्न करतात आणि परत येऊन जर्मनीतच कार्ड मागतात. नियमात एक वाट आहे खरी: कार्डाचा हक्क देशात शिरल्यानंतर निर्माण झाला असेल तर इथूनच अर्ज करता येतो. पण 16 नोव्हेंबर 2010 रोजी लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयानं स्पष्ट केलं की 'शिरणं' म्हणजे शेवटचं शिरणं. लग्न डेन्मार्कमध्ये झालं, त्यानंतर सीमा ओलांडून पुन्हा जर्मनीत आलात, म्हणजे हक्क आधी आणि प्रवेश नंतर. वाट तिथेच बंद होते. शिवाय राहायच्या इराद्यानं पर्यटक व्हिसा घेतला असं ठरलं तर पुढच्या अर्जांवरही डाग लागतो.

अशा जोडप्यानं लग्न जरूर करावं, पण व्हिसाच्या मुदतीत भारतात परतून कुटुंब एकत्रीकरणाचा डी व्हिसा मागावा. फी 75 युरो. ब्लू कार्डची सूट नसेल तर ए1 ची तयारी लग्नाआधीच सुरू करावी. पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवनात परीक्षा होते. डॅनिश प्रमाणपत्राचा फायदा इथेही आहेच, कारण विवाहाच्या कागदासाठी गावी पडताळणीची वेळ येत नाही.

भारतातलं लग्न आणि पासपोर्ट

नंतर गावी मांडव घालून विधी करायचे तर आनंदानं करा, पण त्या तारखेचा दुसरा विवाह नोंदणी दाखला काढू नका. दोन दाखले आणि दोन तारखा झाल्या की व्हिसा, कर आणि विमा या तिन्ही ठिकाणी प्रश्न उभे राहतात. कायदेशीर तारीख एकच, डेन्मार्कची.

पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालणं किंवा नवऱ्याचं नाव-आडनाव लावणं कार्ड हातात आल्यावर करा. पुरवणी कागदावर पासपोर्टचा क्रमांक असतो. अर्ज चालू असताना पासपोर्ट बदलला तर जुनं नाव, नवं नाव आणि जुना क्रमांक जुळवत बसावं लागतं आणि फाइल मागे पडते. नवा पासपोर्ट आला की जुनाही सांभाळून ठेवा. डॅनिश प्रमाणपत्रावर नाव त्यातलंच आहे.