क्वालिसचा क्लच: हवा खालून वर ढकलली तेव्हा जमलं

कुंभार्ली घाट उतरून पोफळीला गाडी थांबवली आणि पुन्हा पहिला गिअर टाकायला गेलो, तर तो पडेना. पेडल दोनदा पंप केलं, मग पडला. चिपळूणला घरी येईपर्यंत प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक स्पीडब्रेकरला हेच. आमची क्वालिस 2003 ची, 2.4 लिटर डिझेल. तिचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो, आणि ते तेल (ब्रेकला लागतं तेच) शेवटचं कधी बदललं ते मला आठवत नव्हतं. रोग तिथूनच सुरू झाला होता.

गॅरेजला नेण्याआधी घरीच दोन गोष्टी पाहिल्या. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबला, तीन सेकंद थांबलो आणि रिव्हर्स टाकला. कर्रर्र! रिव्हर्सला सहसा सिंक्रो (गिअर आवाज न करता जुळवणारी कडी) नसतो, त्यामुळे क्लच प्लेट पूर्ण सुटत नसेल तर तो लगेच ओरडतो. दुसरं म्हणजे गाडी चढाला झक्क ओढत होती. प्लेट झिजली असती तर इंजिन नुसतं गुरगुरलं असतं आणि गाडी मागे राहिली असती. पंप केल्यावर पेडल वर येतं म्हणजे आत हवा आहे, एवढं नक्की झालं. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत गेलं असतं, तर मात्र मी आधी वरच्या मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर तेल ढकलतो तो) कपावर, म्हणजे आतल्या रबरी सीलवर, संशय घेतला असता.

पहिला रविवार. पुढची चाकं रॅम्पवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली शिरू नका. आप्पा पेडलवर बसले, मी खाली गिअरबॉक्सच्या बाजूला. निपलला (हवा काढायच्या पोकळ स्क्रूला) 10 नंबरचा रिंग पाना, त्यावर फिश टँकची पारदर्शक नळी आणि नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ताज्या तेलात बुडवलेलं.

"आप्पा, दाबा."

"दाबलं."

"धरा."

"धरलंय, तू खोल."

निपल पाव आटा सैल केला. नळीतून आधी आलं ते काळं, कोऱ्या चहापेक्षाही काळं तेल, आणि त्यात बारीक रबराची भुकटी. निपल घट्ट केल्यावरच "सोडा" म्हणायचं, हा क्रम चुकला तर काढलेली हवा परत आत जाते. मास्टरवरच्या तेलाच्या डबीत तेल कमी होऊ द्यायचं नाही, दर चार-पाच वेळा भरायचं. अर्ध्या तासात तेल पिवळसर आलं, बुडबुडे थांबले, पेडल छान झालं. आम्ही खूश.

गुरुवारी पुन्हा तेच.

मग मात्र नीट विचार केला. बंद नळीत हवा आपोआप तयार होत नाही, ती कुठून तरी आत येते. स्लेव्ह सिलिंडरच्या (गिअरबॉक्सजवळचा, त्याच तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा) रबरी बुटाची, म्हणजे टोकावरच्या रबरी टोपीची, कड बोटाने उचलून पाहिली. बोट ओलं झालं. आत कप गेला होता. पिस्टन मागे येताना हा झिजलेला कप बाहेरची हवा ओढून घेतो, त्यामुळे थेंबभर गळतीसुद्धा पेडलवर जाणवते. आप्पा पेडल दाबत असताना मी रबरी होजही मुठीत धरून पाहिला. जुना होज दाबाखाली फुगतो आणि हवा नसतानाही पेडल स्पंजासारखं लागतं. तो फुगत नव्हता.

दुसरा रविवार स्लेव्हचा. नळीच्या नटाला साधा फिक्स पाना लावू नका, कोपरे गोल होतात. फ्लेअर नटचा पाना दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि पुढची कितीतरी वर्षं पुरतो. सिलिंडर बाकावर आणून पिस्टन काढला. कपाची ओठासारखी कड एका बाजूला फाटलेली, आणि सिलिंडरच्या तळाशी गंजाचा तपकिरी पट्टा. हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. कोकणातले बावीस पावसाळे काढलेल्या गाडीत असं पाणी तेलात मुरत जाऊन लोखंड खातं. डॉट 3 चा (या तेलाचा एक दर्जा) उत्कलनबिंदू ताजेपणी किमान 205 अंश असावा लागतो, पाणी मुरल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो. क्लचमध्ये उकळण्याची वेळ सहसा येत नाही, पण गंज मात्र येतोच.

पट्ट्यावरून नख फिरवलं, अडकलं नाही. अडकलं असतं तर अख्खा सिलिंडर बदलला असता. बारीक वॉटर पेपर ताज्या तेलात भिजवून गोल फिरवत घासला, तेलानेच धुतला आणि नवा कप बसवला, ओठ दाबाकडे करून. धुवायला डिझेल, पेट्रोल किंवा इंजिन ऑइल अजिबात नको. त्याने हे रबर फुगतं आणि दोन दिवसांत नवा कप वाया जातो. तेलही झाकणावर लिहिलंय तेच भरायचं. डॉट 3 मध्ये डॉट 4 चालतं, डॉट 5 नाही, ते सिलिकॉनचं असतं.

एवढं करून पुन्हा आप्पा पेडलवर. तासभर पंप केलं, अर्धा लिटर तेल घातलं, आणि पेडल जमिनीला चिकटलेलंच. आप्पांचा गुडघा दुखायला लागला तेव्हा थांबवलं.

रात्री झोप येईना म्हणून टॉर्च घेऊन नळीचा मार्ग बघत बसलो, आणि तिथे उलगडलं. मास्टरपासून नळी खाली येते, चेसिसवरून पुन्हा वर चढते आणि मग स्लेव्हकडे उतरते. पेडलच्या एका दाबात सरकतं जेमतेम चमचाभर तेल. बुडबुडा तेवढा खाली येतो आणि निपल बंद केलं की परत त्या उंचवट्यावर जाऊन बसतो. ब्रेकच्या तुलनेत क्लच का छळतो, ते त्या रात्री मला कळलं. हवेला वर जायचंय आणि आपण तासभर तिला खाली ओढत होतो.

तिसरा रविवार, आणि आप्पांना सुट्टी. मेडिकलमधून 50 मिलीची सिरिंज आणली. आधी वरची डबी दुसऱ्या सिरिंजने जवळपास रिकामी केली, नाहीतर खालून ढकललेलं तेल वरून सांडतं आणि बॉनेटखालचा रंग सोलून काढतं. सांडलंच तर लगेच पाणी ओता, ते पाण्यात विरघळतं. सिरिंज आणि नळी ताज्या तेलाने काठोकाठ भरली, एकही बुडबुडा न ठेवता निपलला लावली, निपल अर्धा आटा सैल केलं आणि दट्ट्या अगदी हळू दाबला. मुलगी डबीवर डोळा ठेवून होती.

"बाबा, आला! मोठ्ठा आला!"

पाठोपाठ बारीक बुडबुड्यांची माळ, मग नुसतं स्वच्छ तेल. तीन सिरिंज, वीस मिनिटं. एक मात्र सांगतो: जुनं काळं तेल आत असताना हे करू नका. तळाचा गाळ वर मास्टरच्या बारीक छिद्रात जाऊन बसेल. आमचं आधीच धुऊन निघालं होतं म्हणून धाडस केलं.

शेवटी पेडलच्या पुशरॉडची (पेडलकडून मास्टरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याची) मोकळीक पाहिली. बोटाने दाबल्यावर पेडलच्या टोकाला 1 ते 5 मिमी हवी. अजिबात नसेल तर मास्टरचं परतीचं छिद्र झाकलेलं राहतं आणि लाइनमध्ये दाब अडकतो. आमची 3 निघाली, नट हलवला नाही.

काल कुंभार्ली चढून पाटणपर्यंत जाऊन आलो. हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा रिव्हर्स टाकून पाहिला, आवाज न करता पडला. घरी आल्यावर पुन्हा बुटाची कड उचलली. बोट कोरडं. मास्टरचा कप बावीस वर्षांचाच आहे, त्याचं किट आणून ठेवलंय, पाऊस लागायच्या आत तो उघडणार.