नीट बंद करण्याचं काम: आमची वाटचाल

2016 साली मुंबईची नोकरी सोडून कुडाळला परत आलो, तेव्हा आईने विचारलं, "हय तुजा मशीन खंय आसा?" मशीन नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये होतं, आजही तिथेच आहे. मेनफ्रेमवर, म्हणजे बँकांसारख्या मोठ्या संस्था वापरतात त्या मोठ्या संगणकावर, झेड/व्हीएम चालतं: एकाच मशीनचे अनेक संगणक करून देणारी प्रणाली. त्याखाली लिनक्सची अनेक व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे आमच्या बोलण्यातले गेस्ट. ते सांभाळायला मशीनशेजारी बसावं लागत नाही, या एका भरवशावर फर्म काढली.

पहिलं मोठं काम मिळालं ते एका आर्थिक संस्थेच्या तक्रारीतून. देखभालीसाठी रात्री अख्खं झेड/व्हीएम बंद करायचे आणि सकाळी काही गेस्टवरचा डेटाबेस रिकव्हरीत, म्हणजे अर्धवट राहिलेलं काम सावरण्यात, अडकलेला सापडायचा. तिथल्या टीमचा संशय डिस्कवर होता. आम्ही आधी शटडाउन सिग्नलचा, म्हणजे गेस्टला 'आता बंद हो' सांगणाऱ्या इशाऱ्याचा, मार्ग तपासायचं ठरवलं.

बंद होताना झेड/व्हीएम प्रत्येक गेस्टला सिग्नल देतं, ठरवून दिलेले सेकंद थांबतं आणि मग उरलेल्यांना सक्तीने बाहेर काढतं. 'क्वेरी सिग्नल्स' या कमांडने झेड/व्हीएमला विचारल्यावर आमचे गेस्ट सिग्नल घ्यायला तयार आहेत असंच दिसत होतं. मग एका गेस्टच्या जर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नोंदवहीत, आदल्या बूटच्या (सुरू होण्याच्या खेपेच्या) शेवटच्या ओळी काढल्या. डेटाबेस शिस्तीत थांबला होता, फाइल सिस्टिम उतरल्या होत्या. लगेच खाली नव्या बूटच्या ओळी, डेटाबेस पुन्हा सुरू, आणि तिथेच लॉग मधूनच तुटलेला.

गेस्ट बंद होण्याऐवजी रीबूट होत होता, आणि मुदत संपताच मधूनच बाहेर काढला जात होता! लिनक्सचा कर्नेल, म्हणजे त्याचा गाभा, हा सिग्नल कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यासारखा धरतो आणि पुढचं सिस्टमडीवर, म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमवर, सोपवतो. सिस्टमडीत कंट्रोल-ऑल्ट-डिलीटचं टार्गेट, म्हणजे त्यावर काय करायचं ते, मुळात रीबूटला जोडलेलं असतं. साध्या पीसीवर ते बरोबरच आहे, पण इथे नाही. ते टार्गेट पॉवरऑफला जोडलं आणि पुढच्या देखभालीनंतर ते गेस्ट सकाळी सरळ उभे राहिले. सिस्टमडी नसलेल्या जुन्या गेस्टवर त्याच कामाच्या इनिटटॅब फाइलमध्ये हीच गोष्ट निघाली: शटडाउनच्या ओळीत रीबूटचा पर्याय होता, तिथे हॉल्टचा (थांबण्याचा) घातला.

तरी एक गेस्ट हट्टी निघाला. तो पॉवरऑफच होत होता, पण वेळेत नाही. एखाद्या सर्व्हिसला थांबायला सिस्टमडी मुळात 90 सेकंद देतं. इथे डेटाबेसला मुद्दाम त्याहून बरीच जास्त मुदत दिली होती आणि झेड/व्हीएमची सिग्नलची मुदत तिच्यापेक्षा कमी होती. बोट वर ओढायची तर जाळी उतरवायला वेळ द्यावाच लागतो. तेव्हापासून आम्ही मुदती आतून बाहेर मोजतो: आधी सर्वांत सावकाश थांबणारी सर्व्हिस, मग पूर्ण गेस्ट, आणि या दोन्हींपेक्षा मोठी झेड/व्हीएमची मुदत. ही शेवटची मुदत नुसत्या कमांडने बदलली तर पुढच्या आयपीएलपर्यंतच, म्हणजे झेड/व्हीएम नव्याने सुरू होईपर्यंतच, टिकते. म्हणून ती सिस्टिम कॉन्फिग फाइलमध्ये लिहिली आहे का, हे दर वेळी डोळ्यांनी पाहायचं, असा आमच्याकडे नियम आहे.

त्या कामानंतर 'शटडाउनची तालीम' हीच आमची ओळख झाली. एका चाचणी गेस्टला सिग्नल शटडाउन द्यायचा, ऑपरेटरच्या कन्सोलवर त्याने बंद झाल्याचं कळवलं का ते पाहायचं, किती सेकंद लागले ते नोंदवायचं. जर्नल डिस्कवर टिकवून ठेवायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुरावाच हातात राहत नाही. हे काम भराभर उरकण्याचं नाही. आणि त्याचे पैसे मागायला आम्ही कधी संकोचलो नाही, कारण एका सकाळी बंद पडलेल्या डेटाबेसची किंमत ग्राहकाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

माणसं इथलीच घेतली. मालवणच्या पॉलिटेक्निकमधून आलेली मुलं-मुली मेनफ्रेम न पाहताच त्यावर काम करायला शिकली. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा खांब आडवे झाले, लाइट गेली, फायबर तुटली. त्याआधीच एका सहकाऱ्याला कोल्हापुरात बसवलं होतं, त्याने एकट्याने किल्ला लढवला. गणपतीत मात्र देखभालीची रात्र घेत नाही, हे करारातच लिहिलेलं असतं. मुंबईच्या ग्राहकांनी ते मान्य केलं, कारण त्यांचेही निम्मे लोक तेव्हा गावी असतात.

आता काही ग्राहक त्याच मेनफ्रेमवर केव्हीएमकडे, म्हणजे लिनक्समध्येच असलेल्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीकडे, वळताहेत. तिथेही लिनक्स गेस्टपर्यंत सिग्नल त्याच प्रकारे पोचतो, म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-डिलीटची ती जोडणी तिथेही तपासावी लागते. मुदत मात्र होस्टवरच्या, म्हणजे गेस्टना चालवणाऱ्या लिनक्सवरच्या, लिबव्हर्ट-गेस्ट्स सर्व्हिसमध्ये ठरते. आमच्या टीममधल्या दोन मुली सध्या त्याच्या तालमीची नवी यादी लिहिताहेत.