डिस्क रिकामी, तरी जागा नाही

'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' या लिनक्सच्या संदेशावर माझा फारसा विश्वास नाही. कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, कारण काहीही असो, या तक्रारीला एरर क्रमांक एकच, २८. नक्की काय संपलंय ते आपणच हुडकायचं.

मध्यंतरी एका ग्राहकाच्या साइटवर कुणाचंच लॉगिन होईना. टीममधल्या नव्या मुलाने लॉग बघितला. "सर, डिस्क फुल झालीय. वाढवून घेऊ का?" म्हटलं, थांब जरा. मोकळी जागा दाखवणारं 'डीएफ -एच' मारलं, तर ४० जीबीतली निम्म्याहून जास्त मोकळी. मग 'डीएफ -आय'. आयनोड, म्हणजे फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदी, १०० टक्के वापरलेले.

ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. डिफॉल्ट हिशेब दर १६ केबीला एक, म्हणजे ४० जीबीला साधारण २६ लाख. फाइल शून्य बाइटची असली तरी आयनोड खातेच. एसटीत सीट रिकाम्या, पण कंडक्टरकडची तिकिटंच संपली, असा प्रकार.

फोल्डरनिहाय आयनोड मोजणाऱ्या 'डीयू --आयनोड्स'ने फोल्डर दाखवला: साइट ज्या भाषेत लिहिलेली त्या पीएचपीच्या सेशन फाइली, म्हणजे साइटवर येणाऱ्यांच्या भेटींच्या नोंदी. डेबियन-उबुंटूवर जुनी सेशन्स पीएचपी स्वतः झाडत नाही, ते काम दर अर्ध्या तासाने एक वेगळी स्क्रिप्ट करते. ती मुख्य सेटिंगमधला फोल्डर बघते. इथे फोल्डर पूलच्या (पीएचपी प्रोसेसच्या गटाच्या) वेगळ्या सेटिंग फाइलमध्ये बदललेला, त्यामुळे झाडू तिथे कधी पोचलाच नाही. त्यात बॉट (साइट आपोआप चाळणारे प्रोग्राम) ओळखीची कुकी परत पाठवत नाहीत, म्हणून त्यांच्या प्रत्येक फेरीला नवं सेशन. फाइली पुसणाऱ्या 'आरएम'ला स्टार (सगळ्या फाइली) दिला की 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग', आणि यादी दाखवणारं साधं 'एलएस' तर नुसतं बसून राहतं. 'फाइंड'ला '-डिलीट' लावून एक दिवसापेक्षा जुन्या फाइली उडवल्या आणि तीच ओळ ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये टाकली.

गंमत म्हणजे डिस्क वाढवली असती तरी साइट चालू झाली असती. ईएक्सटी४ वाढवलं की आयनोडही वाढतात. ग्राहकाचं बिल वाढलं असतं, सेशन्स साचत राहिली असती आणि दुखणं पुढे ढकललं गेलं असतं.

याउलट 'डीएफ' भरलेलं दाखवतं आणि 'डीयू'ची बेरीज जमत नाही, तेव्हा आधी डिलीट होऊनही उघड्या राहिलेल्या फाइली दाखवणारं 'एलएसओएफ +एल१' बघा. लॉग डिलीट केलेला असतो, पण प्रोसेसने तो धरून ठेवलेला असतो. सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते. रूट (मुख्य अ‍ॅडमिन युजर) लिहू शकतो आणि बाकीच्यांना नकार, असं असेल तर रूटसाठी राखीव ५ टक्के आठवा. २ टीबीच्या डेटा डिस्कवर ते १०० जीबी होतात. तिथे मी 'ट्यून२एफएस'ने १ टक्का करून टाकतो.

सगळ्यात चीड आणतो तो आयनोटिफाय, म्हणजे फाइल बदलली की कळवणारी कर्नलची सोय. एडिटर हजारो फाइलींवर नजर ठेवायला जातो, वॉचची मर्यादा संपते आणि संदेश तोच, जागा नाही! डिस्कचा काडीचा संबंध नसतो. जुन्या कर्नलवर ही मर्यादा ८१९२ असायची, ५.११ पासून ती रॅमवरून ठरते. कर्नलची सेटिंग बदलणाऱ्या 'सिसकंट्रोल'मध्ये 'मॅक्स युजर वॉचेस' वाढवा आणि डिस्कला हात लावू नका.