जुने देशी पाने आणायला निघालात तर आधी मापाचा व्हर्नियर खिशात टाका

पाच पान्यांचे १,७०० रुपये मोजले. त्यातले तीन घरी आल्यावर भंगार ठरले. हा पैसा मी पहाटे पावणेपाचला, मोबाइलच्या उजेडात, स्वतःच्या हाताने दिला, आणि दुसऱ्या कुणाचे असे जाऊ नयेत म्हणूनच हे लिहितोय.

माझ्याकडे १९७४ ची बुलेट आहे. जुन्या बुलेटवर काम करणाऱ्याला सांगायला नको, पण नव्याने गाडी घेतलेल्यांसाठी सांगतो. या गाड्यांचे नट-बोल्ट ब्रिटिश मापाचे आहेत. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली आला, पण गाडी मुळात विलायती आराखड्याची, त्यामुळे इंजिनवर जुनीच मापं पुढे कितीतरी वर्षं राहिली. नटाला १३ चा पाना बसत नाही, १४ चा लावला की सटकतो, आणि दोन वेळा सटकला की नट गोल. स्लाइड पाना तर त्या इंजिनाजवळ आणूच नका. व्हिटवर्थचे, म्हणजे या जुन्या ब्रिटिश मापाचे, फिक्स पाने पूर्वी हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळायचे. आता मेट्रिकशिवाय कुणी ठेवत नाही. मेट्रिकसाठी जुन्याच्या मागे लागायची गरजही नाही, टपारियाचे पाने नाशिकला सातपूरमध्ये आजही बनतात आणि चांगले बनतात. शोधायचे ते व्हिटवर्थचे, आणि त्यातही ‘गेडोर इंडिया’ किंवा ‘झालानी’ असा ठसा असलेले. हे एकाच कंपनीचे दोन काळ. फरिदाबादचा कारखाना, आधी जर्मन गेडोरच्या सहकार्याने, नंतर झालानी नावाने. कारखाना आजारी पडला, बंद झाला. तो माल आता जो आहे तेवढाच आहे, दर वर्षी त्यातला काही भंगारात वितळतो.

कराडहून मी तीन ठिकाणी गेलो: पुणे, मुंबई, इचलकरंजी. याच क्रमाने जाऊ नका. उलट्या क्रमाने जा.

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, मंगळवार पेठेत. रविवारी सकाळी नऊला पोचलो, दोनपर्यंत उन्हात फिरलो. व्हिटवर्थचा एक पाना मिळाला, तोही तोंड फाकलेला, तो घेतला नाही. बिडाचा एक रंधा साडेतीनशेला घेतला. बिडाचा रंधा घेताना तोंडाजवळ तडा आहे का ते बघाच. नाणं वाजवून पाहिलं की धडधाकट बीड घणघणतं, तडा गेलेलं ठप्प वाजतं. पान्यांसाठी मात्र पुण्याची खेप माझ्या मते वाया. रात्री आतेभावाकडे राहिलो, छान गेली.

आता मुंबई. मला पक्कं सांगण्यात आलं होतं की, नागदेवी स्ट्रीटवर ‘जुना स्टॉक’ मिळतो. नाही मिळत. गुरुवारी दुपारी मशीद बंदर स्टेशनला उतरून पंधरा-वीस दुकानं पालथी घातली. नवं काहीही मागा, मिळेल, आणि भावही चोख. व्हिटवर्थ म्हटल्यावर मात्र लोक एकमेकांकडे बघतात. एका काउंटरवरच्या मुलाने व्हिटवर्थ ही कंपनी समजून कॅटलॉग चाळायला घेतला, त्याचा दोष नाही. एका वयस्कर गृहस्थांनी सांगितलं, “उद्या जुम्मा आहे. पहाटे दो टाकीच्या बाजूला जा.” म्हणजे चोर बाजाराच्या भागात.

चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात. त्याच दिवशी पहाटे आसपासच्या रस्त्यांवर जमिनीवर कापड पसरून बाजार भरतो. उजाडून ऊन चढायच्या आत तो उठतो, म्हणून तुम्हाला अंधारातच जावं लागतं. गावाहून रात्रीच्या गाडीने येऊन हे साधणार नाही. आदल्या रात्री ग्रँट रोडच्या आसपास मुक्काम करा आणि चारला उठा. माझी खोली स्टेशनजवळची होती, झोप दोन तास झाली, आणि पुढे जे घडलं त्यात या दोन तासांचा हात आहे. दमलेल्या माणसाने पहाटे खरेदी करू नये.

गल्लीत शिरलो तेव्हा गर्दी खांद्याला खांदा लागेल अशी. बूट, चार्जर, मिक्सरची भांडी, नळ, आणि मधे मधे हत्यारांचे ढीग. चौथ्या की पाचव्या ढिगावर मला ते दिसले: पाच फिक्स पाने, चकचकीत, एका तारेत ओवलेले. उचलून बघितलं तर ‘गेडोर’, पुढे ‘इंडिया’, आणि तोंडावर १/४ डब्ल्यू, ५/१६ डब्ल्यू. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ. माझा हात थरथरत होता हे विक्रेत्याला नक्की दिसलं असणार.

“जर्मनी का माल है सेठ. चोबीस सौ.”

इथे एक थांबून सांगतो. गेडोर हे नाव जर्मन खरं: ‘गेब्रूडर डोविडाट, रेमशाइड’, म्हणजे रेमशाइड गावचे डोविडाट बंधू, तिघांनी १९१९ मध्ये काढलेली कंपनी. पण पान्यावर इंडिया लिहिलंय म्हणजे तो भारतातला. जर्मनी म्हणून भाव सांगणाऱ्याला ठसा दाखवा, भाव तिथेच उतरतो. माझा उतरला, चोवीसशेचा सतराशे झाला. मला वाटलं मी जिंकलो. रोख मागितली, दिली, निघालो. व्हर्नियर माझ्या पिशवीत होता. काढला नाही. मागून लोक ढकलत होते, एक दुसरा गिऱ्हाईक त्याच पान्यांकडे बघत होता (तो त्याचाच माणूस असावा, आता वाटतं), आणि मी घाईत पैसे दिले.

कराडला घरी उजेडात बसल्यावर कळलं.

व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा तोंडाची रुंदी सांगत नाही, बोल्टचा व्यास सांगतो. १/४ डब्ल्यूचं तोंड १३.३ मिमी असतं, ५/१६ चं १५.२४, ३/८ चं १८.०३, १/२ चं तब्बल २३.४. दुसऱ्या इंची पद्धतीत, ज्याला एएफ म्हणतात, आकडा थेट तोंडाची रुंदी असतो: १/२ एएफ म्हणजे १२.७ मिमी, ९/१६ एएफ म्हणजे १४.३. आता जुळवा. १/२ आणि ९/१६ एएफचा दुतोंडी पाना बाजारात ढिगाने मिळतो, भंगाराच्या भावात. एका तोंडातून सहा दशांश मिलिमीटर आणि दुसऱ्यातून जेमतेम एक मिलिमीटर घासला की १/४ आणि ५/१६ व्हिटवर्थ तयार. जुना आकडा पॉलिशने उडवायचा, नवा ठोकायचा, वरून क्रोम चढवायचा.

तिन्ही पान्यांत हेच केलेलं होतं. खिडकीत तिरका धरला तेव्हा नव्या १/४ च्या खाली जुन्या २ चा पोट-बाक पुसटसा दिसला, पाण्याखालच्या अक्षरासारखा. तोंडाच्या आतल्या बाजूला क्रोम पोचलेला नव्हता आणि ग्राइंडरचे आडवे चरे होते. एका तोंडाच्या मुळाशी पोलाद निळं पडलेलं. निळं पडलं म्हणजे ग्राइंडरने तापलं, तापलं म्हणजे त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेलं असू शकतं. तो पाना जोर लावला की फाकायची भीती. व्हर्नियर लावला तर तोंडाच्या टोकाला १३.४ आणि आत १३.१. म्हणजे नटावर बसतोय असं वाटतं, पण पकडतो फक्त एका काठाला. तो माझ्या इंजिनावर एकदाही वापरला नाही, आणि वापरणार नाही.

उरलेले दोन अस्सल निघाले, ३/८ आणि ७/१६ चे. ते हातात घेतले की कळतं मला राग का आला. दांडा मधे सडपातळ, तोंडाकडे भरत गेलेला, कडा हाताला लागत नाहीत इतक्या घासलेल्या, आणि तोंडाचा कोन असा की अवघड जागी पाना उलटा फिरवून पुढची पकड मिळते.

तर जाणाऱ्यांनी हे करा. आपल्याच गाडीचे १/४, ५/१६, ३/८ चे कोरे नट दोऱ्यात ओवून गळ्यात घाला. पाना उचलला की नट बसवा, तोंडाच्या टोकाला नाही, पार मुळापर्यंत सरकवा. हलला तर खाली ठेवा. मग व्हर्नियर, टोकाला आणि मुळाला दोन्हीकडे. मग बॅटरी तिरकी मारून आकडा बघा. छोटी बारीक कानस जवळ ठेवा आणि तोंडाच्या कडेला हलकेच ओढा: चांगलं पोलाद असेल तर कानस जेमतेम चावते, मऊ असेल तर सहज चावते. विक्रेता कानस ओढू देत नसेल तर पुढे चला. लोहचुंबक घेऊन येणारे मी पाहिले. लोखंडाला चुंबक चिकटणारच, त्याने काही कळत नाही. आणि चकचकीत दिसला की संशय घ्या. गंजलेला, तेलकट, काळवंडलेला पाना खोटा असायची शक्यता फार कमी, कारण त्यावर कुणी मेहनत घेतलेली नसते. गंज रॉकेलमध्ये भिजवून आणि तारेच्या ब्रशने दोन दिवसांत निघतो.

आणखी एक. पान्यावर बीएसएफ (बारीक आट्यांचं ब्रिटिश माप) लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका. त्या मापाचा नट व्हिटवर्थच्या एक पायरी खालच्या मापाचा असतो, म्हणून ३/८ बीएसएफ आणि ५/१६ डब्ल्यू हा एकच पाना. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठोकलेले असतील तर तो बहुधा कारखान्यातला ठसा. माझ्या खोट्या तिन्हींवर बीएसएफचा आकडा नव्हताच, आणि तेवढ्यावरून मला निदान संशय यायला हवा होता.

मुंबईनंतर मी शोध सोडला होता. इचलकरंजीला गेलो ते लग्नाला. तिथे जुन्या यंत्रमागांवर आजही व्हिटवर्थचे बोल्ट असतात हे माहीत होतं, पण दुकानात मिळेल असं डोक्यात नव्हतं. मांडवाच्या मागच्या रस्त्याला एक जुनं हार्डवेअर, लाकडी खणांचं, बाहेर पाटी वाचता येत नाही इतकी गंजलेली. सहज विचारलं.

“पावणं, पूर्वी जॉबर, मागाचे मेकॅनिक, येऊन न्यायचे. आता कोण मागत नाही,” म्हणत काकांनी खालचा खण ओढला. आत तपकिरी कागद, कागदाला ग्रीस, ग्रीसच्या आत पाने. एकेक पाना त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसून गल्ल्यावर ठेवला. झालानी, सगळे. ३/१६ पासून १/२ पर्यंत. माझ्या दोऱ्यातला नट मुळापर्यंत गेला आणि तिथेच थांबला, जरासुद्धा हलला नाही. एकाचे एकशे चाळीस रुपये. घासाघीस केली नाही, करावीशी वाटली नाही. सहा घेतले, लग्नाचं जेवण चुकलं.

म्हणून म्हणतो, उलट्या क्रमाने जा. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, जिथे यंत्रमाग जुने आहेत तिथल्या जुन्या बाजारपेठेतली जुनी हार्डवेअर आधी बघा. दिवसा जा, दुकानदाराला ब्रँड सांगू नका, माप सांगा, आणि काउंटरवर नाही म्हटलं तर खालच्या खणांबद्दल विचारा. तिथे कुठेच नाही मिळालं तर मग पहाटेच्या बाजाराकडे वळा, पण झोप काढून आणि व्हर्नियर हातात धरून. काकांच्या खणात मी निघालो तेव्हा नऊ फिक्स पाने आणि चार रिंग पाने उरले होते. मुलगा दुकान मोबाइलसाठी देणार आहे, दिवाळीनंतर. रिंग पाने मी सांगून ठेवलेत, फिक्स पाने नाही.