शेवटच्या महिन्यांचं बिल

बरा न होणाऱ्या रुग्णाला डॉक्टर ‘आता घरी न्या’ म्हणाले की घरच्यांना वाटतं, चला, खर्च तरी आटोक्यात येईल. उलट तिथूनच तो सगळा अंगावर येतो. मेडिक्लेम 24 तासांच्या भरतीला बांधलेला असतो. रुग्ण सांभाळायला ब्युरोकडून येणाऱ्या मावशींचा पगार, डायपर, एअर बेड यांतलं सहसा काहीच त्यात बसत नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं (हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्राचं) भाडं आधी कळतं, पण पाच लिटरचं यंत्र साधारण 350 वॉट खातं, म्हणजे अहोरात्र चाललं तर रोज 8 युनिट. ते वीजबिल आल्यावर कळतं.

डिस्चार्जनंतर बहुतेक पॉलिसींत 60 दिवस त्याच आजाराची औषधं आणि तपासण्या मिळतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पक्कं बिल, दोन्ही जपा.

भरती असताना फसायला होतं ते खोलीच्या भाड्यात. पाच लाखांच्या पॉलिसीत मर्यादा 1 टक्का असेल, तर रोज 5,000. ‘आईला जरा बरी खोली’ म्हणून 8,000 ची घेतली, तर वरचे 3,000 तर गेलेच, शिवाय डॉक्टरांच्या व्हिजिटा वगैरेही त्याच प्रमाणात कापतात. तो भाग 80,000 चा असेल तर हातात 50,000. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटवर मात्र अशी कात्री लावता येत नाही; लावली असेल तर लेखी तक्रार करा.

पॉलिसीच नसेल तर रुग्णालय धर्मादाय आहे का ते पाहा. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000. रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा दाखला घेऊन पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागात अर्ज द्या. बिल तयार झाल्यावर गेलात तर हेलपाटेच. ‘खाटा भरल्यात’ असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा. ते द्यायची वेळ आली की खाट बरेचदा सापडते.

70 वर्षं आणि त्यावरच्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड, मिळतं. आधारवर निघतं, काढून ठेवा. पण तेही भरतीचेच पैसे देतं. मग होतं काय, घरी मॉर्फिनच्या गोळीवर शांत राहिला असता असा माणूस आयसीयूत पडून राहतो, कारण पैसे तिथलेच मिळतात. योजनेच्या यादीत घरच्या शुश्रूषेचा रोजचा दर घाला, एवढी साधी सुधारणा हवी आहे. केरळने 2008 च्या पॅलिएटिव्ह केअर (बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शुश्रूषा) धोरणात हे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे दिलं. तिथे नर्स घरी येते. आपल्याकडे पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र आणि मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन कर्करुग्णांना मोफत सांभाळतात, पण जिल्ह्याच्या गावी काय?

आणि एक, हे नातेवाइकांपैकी कुणीतरी एकाने तरी लक्षात ठेवावं: बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या 2021 च्या नियमांत तसं लिहिलेलं आहे. त्या पानाची प्रत फाइलमध्ये असू द्या.