तीन पिढ्या, एक जहाज: केबिन निवडताना

तीन पिढ्या एकत्र क्रूझला निघाल्या की बहुतेक घरांत आधी भाडं पाहिलं जातं. आधी डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा (डेकचा) नकाशा, उघडा. जहाज पुढच्या-मागच्या टोकांना जास्त डोलतं, मधोमध आणि खालच्या डेकवर कमी. आजी-आजोबांची केबिन तिथेच घ्या, लिफ्टपासून चार-पाच दारं अंतरावर. अगदी लिफ्टला लागून नको, रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते.

मग वर-खाली काय आहे ते बघा. वर पूल डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट उशाशी येतो. वर आणि खाली केबिनच असतील तर झोप लागते.

साध्या केबिनच्या बाथरूमला बहुधा उंबरा असतो. अर्धवट झोपेत पाय त्यालाच अडकतो. गुडघेदुखी असेल तर व्हीलचेअरची, सपाट शॉवरची केबिन मिळेल का ते विचारा. त्या मोजक्याच असतात, म्हणून लवकर.

तिसरी-चौथी खाट अनेकदा भिंतीतून किंवा छतातून उतरते, शिडीने चढायची. ती मोठ्या नातवंडांना. खाट असूनही तिसरा माणूस नाकारला जाऊ शकतो, कारण लाइफबोटीतल्या जागा मोजलेल्या असतात.

आणि ‘शेजारच्या’ केबिनला आतलं दार असेलच असं नाही! दार हवं असेल तर ‘कनेक्टिंग’ हाच शब्द वापरा. केबिन नंबर नंतर देणारं स्वस्त भाडं कुटुंबाने टाळावंच, घरची माणसं वेगवेगळ्या डेकवर विखुरू शकतात.